मुकेशने फुकट दिलेला वजीर

अंबरनाथ (पूर्व)
रविवार, ९ फेब्रुवारी

आदरणीय आक्काला धाकट्या सोमाचा सप्रेम जय भीम. दाजींनाही माझा जय भीम सांग, पण उजव्या कानात सांग. मागे डाव्या कानात सांगितलास तर ते 'कोण गेलं?' म्हणून चपला शोधायला लागले होते. तुझे गुडघे कसे आहेत? मनालीने परसात लावलेली वांगी धरली का? (सुनेचा हात लागला की वांगं धरतं आणि सासूचा लागला की किडतं, हे तूच म्हणायचीस, मी नाही.) इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे वाच. डिसेंबरपासून तू एकदाही अंबरनाथला फिरकली नाहीस. चामटोली काही चंद्रावर नाही. तेही मी मनात टिपून ठेवलंय.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, तू तो आरशासारखा तोंडासमोर धरतेस आणि आपलं बोलणं अर्धं चामटोली ऐकतं. इकडे मी बोलायला लागलो की शालनला नेमकं त्याच खोलीत झाडायचं असतं. आणि मला जे लिहायचंय ते शालनविषयी, मिलिंदविषयी आणि एकूण सगळ्यांविषयीच आहे.

तर आक्का, मी जिंकतोय. बुद्धिबळात. गेल्या नऊ आठवड्यांत बेचाळीस डाव खेळलो, त्यातले एकेचाळीस जिंकलो आणि एक बरोबरीत सुटला. हसू नकोस. मीच, तुझा सोमा, ज्याला तू लहानपणी हत्तीशिवाय खेळूनही हरवायचीस. आता कोणालाही वाटेल की माणूस खूश असेल, पेढे वाटत असेल. पण मी तेहतीस वर्षं रंगाच्या कंपनीत डब्यांची तपासणी केली आहे. शंभर डब्यांमधले शंभरही चांगले निघाले की आम्ही टाळ्या वाजवत नव्हतो, सगळा माल परत उघडत होतो. म्हणून सरळ लिहितो. एक तर मी सुधारलोय, नाहीतर मी चाललोय. तिसरं काही मला दिसत नाही.

चाललोय म्हणजे कुठे, ते सांगतो. आठ डिसेंबरला सकाळी मी पंख्याचं पातं पुसायला स्टुलावर चढलो, वर बघितलं आणि पंखा बंद असून घर फिरायला लागलं. मिलिंदने मला धरून खाली घेतलं, बदलापूरच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरसवदा. त्याने मला पलंगावर आडवं केलं, मान दोन्ही हातांत धरली आणि ही इकडे, ही तिकडे अशी फिरवली. नळाचा आटा बसत नसला की प्लंबर करतो तसं. मग म्हणाला, 'काही नाही, काका.' आणि मिलिंदला बाहेर घेऊन गेला. आता तूच सांग, काही नाही तर बाहेर कशाला? कंपनीत माल आणणारा 'काही नाही साहेब' म्हणाला की मी पहिला डबा त्याच्या हातातलाच उघडायचो. मिलिंद आत आला तेव्हा हसत होता. (मुलगा बापाकडे बघून विनाकारण हसतो हे तुझ्या पाहण्यात आहे का?) घरी आल्यावर फाइल थेट कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली शालनच्या कमरेला.

त्या दिवसापासून माझी बडदास्त बघ. झोपताना दोन उश्या. वर बघायचं नाही, खाली वाकायचं नाही, पडलेलं पेनसुद्धा सूनबाई धावत येऊन उचलते. सुक्या बोंबलाचे माझ्या ताटात पूर्वी तीन तुकडे यायचे, आता पाच येतात. पस्तीस वर्षांच्या संसारात शालनने मला पाचवा तुकडा कधी वाढला होता? आमचं लग्न झालं त्या दिवशीसुद्धा नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यापासून मी बुद्धिबळात जिंकायला लागलो.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणशील सोम्या एकतर्फी बोलतो. मी अभ्यास केलाय हेही खरं. दिवाळीपासून रोज दुपारी मोबाइलवर एका पोराचे व्हिडिओ बघतो. तो हिंदीत बोलतो, दर वाक्याला 'दोस्तों' म्हणतो, पण शिकवतो चांगलं. शंभर पानी वही केली. रोज पाच कोडी सोडवतो. सुरुवातीला फार भांडणं झाली, कारण आपण बाबांकडून शिकलेलं बुद्धिबळ आणि हे बुद्धिबळ एक नव्हे. आपल्यात राजा एकदा घोड्याची उडी मारतो, प्यादं पहिल्या चालीला एकच घर सरकतं. इथे प्यादं दोन घरं उडतं आणि राजा हत्तीच्या मागे जाऊन लपतो. एकदा तर मोबाइलच्या प्याद्याने तिरकं जात माझं शेजारचं प्यादं उचललं, जे त्या घरात नव्हतंच! मी कंपनीला तक्रार लिहायला बसलो होतो. मिलिंद म्हणाला, बाबा, नियम आहे तो. मी म्हटलं, असेल, चोराचेही नियम असतात. असो. त्या दोस्तों-वाल्याचा पहिला धडा मात्र मला फार पटला. तो म्हणतो, समोरच्याने चाल केली की आधी स्वतःला विचारा, ही याने का केली? म्हणजे बघ आक्का, बुद्धिबळ सुधारायचं म्हणजे संशय घ्यायला शिकायचं, आणि त्यात तर मी तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे सुधारणा झाली असणं अगदीच अशक्य नाही. पण एकेचाळीस?

पहिला संशय मुकेशने आणला. मुकेश तुला माहीत नाही. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात त्याचं जीन्सच्या चेनी, बटणं आणि हुकांचं दुकान आहे. शालन ब्लाउज शिवते, तिचे हुक आणायला मी जायचो, गल्ल्याशेजारी पट मांडलेला दिसला आणि बसलो. त्याला आता चार वर्षं झाली. माणूस सिंधी, मनाने चांगला, पण धंद्यात कडक. बारा डझन बटणांच्या पुडक्यात एक कमी असलं तर मुठीत घेऊन सांगेल. चार वर्षांत त्याने मला एक पिशवी फुकट दिली नाही, हुक रुमालात बांधून आणायला लावले. चार वर्षांत मी त्याच्याकडून दोन डाव जिंकलो होतो, त्यातल्या एकात लाइट गेली होती. आणि डिसेंबरच्या मध्यावर या माणसाने आपला वजीर माझ्या उंटासमोर आणून ठेवला. सरळ. राखणीला कोणी नाही. मी त्याच्याकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. मी वजीर उचलला तर म्हणतो, 'अरे साईं, ध्यान नहीं था.' ध्यान नहीं था! ज्याने जन्मात पिशवी फुकट सोडली नाही त्याने मला वजीर फुकट दिला. चहाही मागवला, तोही पूर्ण. (एरवी कटिंग.) मी घरी येईपर्यंत मला चहा कडू लागत होता.

म्हणून मी ठरवलं, सॅम्पल काढायचं. पुढच्या खेपेला मीच माझा वजीर त्याच्या प्याद्याच्या तोंडात दिला. गावातलं शेंबडं पोरही मारेल असा. मुकेशने वजिराकडे बघितलं. चष्मा काढून पुसला. एका गिऱ्हाइकाला चार डझन चेनी मोजून दिल्या. परत येऊन बसला, वजिराकडे परत बघितलं, एक उसासा टाकला आणि दुसऱ्याच टोकाचं प्यादं पुढे सरकवलं. आक्का, त्याच्या जिवाला किती यातना झाल्या असतील त्या मला दिसल्या. एखाद्याचं दुखणं किती मोठं असेल तर मुकेश एवढा त्याग करेल, याचाच मी हिशोब लावत बसलो.

मग आमचे सोसायटीचे सेक्रेटरी चिंतामणी. सख्ख्या भावाच्या गाडीला नोटीस चिकटवणारा माणूस. आमचा डाव संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात असतो आणि चिंतामणींचा नियम असा की बोट लागलं, चाल झाली. एकदा मला शिंक आली, हात घोड्याला लागला, तर त्यांनी घोडा हलवायला लावला. (अगदी तुझ्यासारखं. तू तर डास मारताना लागलेला हातही धरला होतास.) ते चिंतामणी डिसेंबरअखेरीला मला म्हणाले, 'घ्या हो परत, त्यात काय!' मी एक चाल परत घेतली. तर म्हणाले, 'आधीचीही घ्या.' आणि उठून स्वतःच्या हाताने पाणी आणून दिलं. मी पाणी न पिताच घरी आलो.

पण कळस केला मिलिंदने. मी मनाशी म्हटलं, पोटचा पोरगा आहे, याच्या बाबतीत खातरी करून घेऊ. जानेवारीच्या सुरुवातीला एका सुट्टीच्या दिवशी त्याला समोर बसवलं आणि ठरवून हरायला लागलो. आणि काय सांगू, तोही हरायलाच बसला होता! मी घोडा टाकला, त्याने उंट टाकला. मी हत्ती पुढे केला, त्याने बघितलाच नाही. मी राजा बाहेर काढला, त्यानेही राजा बाहेर काढला. दोन्ही राजे पटाच्या मधोमध हवा खायला निघालेले. सूनबाई प्रीती स्वयंपाकघरातून बघून गेली, तिला वाटलं काही नवीन खेळ आहे. अडीच तास! बाप-लेक घामाघूम. जिंकायला कधी एवढं डोकं लागलं नव्हतं. शेवटी पटावर दोन राजे आणि माझं एक अडकलेलं प्यादं एवढंच उरलं आणि डाव बरोबरीत सुटला. तो एक बरोबरीचा म्हणालो ना, तो हा. डाव संपल्यावर आम्ही दोघं सोंगट्या डब्यात भरायला लागलो. मला त्याला विचारायचं होतं, मिल्या, त्या डॉक्टरने काय सांगितलं रे तुला? त्याऐवजी मी म्हटलं, चांगला खेळलास. तोही म्हणाला, तुम्ही पण.

तू म्हणशील, मोबाइलशी खेळ, मशीन कशाला दया करील? मोबाइलकडूनही मी जिंकतोय. पण त्याचा रिचार्ज मिलिंद मारतो, मग तो कोणाचं ऐकणार?

आता जे लिहितोय ते मी शालनलाही कधी बोललेलो नाही. माणसाला मुद्दाम जिंकू देतात ते कधी, हे मला ठाऊक आहे, कारण मी दिलंय. बाबांचं पोटाचं दुखणं वाढलं, काडेपेटीच्या कारखान्यातून त्यांना कायमचं घरी पाठवलं, त्या वर्षीची गोष्ट. मोठ्या डॉक्टरने मलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोराला सांगतात तसं. घरी आलो तर बाबा पट मांडून बसलेले. तोच आपला, खोक्याच्या फळीवर कोळशाने रेघा मारलेला. मी त्या दिवशी हरलो. दुसऱ्या दिवशी हरलो. तिसऱ्या दिवशी वजीर दिला, आणि बाबांनी वजीर हातात धरून माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. वजीर खाली ठेवला आणि म्हणाले, 'भागाला बोलाव चामटोलीवरून. तिच्याशी खेळतो.' तू आलीस, अजून पदराला घाम होता, बसलीस आणि त्यांना सरळ हरवलंस. मी तुला मोरीत ओढून नेऊन किती बोललो! काळीज आहे का तुला, म्हणालो. तू फक्त म्हणालीस, 'मी कशाला त्यांना सांगू?' मला तेव्हा काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की बाबा हरल्यावर जोरजोरात मान हलवत, हत्, हत् करत हसले आणि त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी भाकरी मागून जेवले. आता चाळीस वर्षांनी मुकेशचा वजीर हातात धरला तेव्हा कळलं, आक्का, मुद्दाम हरून मीच त्यांना सांगून बसलो होतो. तुझी माफी तेव्हाच मागायला हवी होती. आता मागतो.

मला मरणाची भीती वाटते का? वाटते. खोटं कशाला लिहू. पण त्याहून हे सगळे गोड वागतात त्याची जास्त वाटते.

बाकी ठीक. शेळी व्याली असेल तर कळव. दाजींना खोकल्यावर अडुळसा दे. मनालीला आशीर्वाद.

तुझा,
सोमा

ता. क. पत्र लिहिलं ते खरं तर एवढ्याचसाठी. येत्या रविवारी ये. शालनला सांग की चष्म्याचा नंबर काढायला आले. येताना बाबांचा पट आण, तुझ्याकडे माळ्यावर आहे. हरवलेल्या हत्तीऐवजी आपण दोऱ्याचं रीळ ठेवायचो, तेही आण, विसरू नकोस. आणि माझ्याशी एक डाव खेळ. भाऊ म्हणून नको, आजारी म्हणून नको. तू मला हरवलंस तर मी समजेन की अजून माझे दिवस आहेत. शालनला यातलं एक अक्षर बोलू नकोस.

ता. क. २ (सोमवार) शालनने पत्र वाचलं. मी पाकीट शोधायला खाली गेलो तेवढ्यात. परत आलो तर ती पलंगावर बसून डोळे पुसत होती. मला वाटलं, झालं, फुटलं सगळं. नीट बघितलं तर हसत होती, आक्का! मग रडली, मग परत हसली, मग मला बरंच काही बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. कपाट उघडून फाइल माझ्या पुढ्यात आपटली. त्यात लिहिलंय की माझ्या कानात आत काही बारीक खडे असतात (सगळ्यांच्याच असतात म्हणे), ते जागचे हलले आणि म्हणून चक्कर आली. बस. एवढंच. फाइल लपवली कारण मागे पित्ताचा रिपोर्ट वाचून मी पाच नातेवाइकांना निरोपाचे फोन केले होते. डॉक्टरने मिलिंदला बाहेर नेऊन सांगितलं की सहा आठवडे वडिलांची मान जोरात हलू देऊ नका. आणि शालन म्हणाली, 'तुमची मान जोरात हलते ती फक्त हरल्यावर. तुमच्या बापासारखी. मग मी काय करणार होते? सगळ्यांच्या पाया पडून सांगितलं, सहा आठवडे यांना हरवू नका.' मुकेशला फोन, चिंतामणींना चिठ्ठी, मोबाइलमध्ये प्रीतीने लहान मुलांची पातळी लावून ठेवलेली. पाचवा बोंबील मात्र का, तर म्हणे चुकून. तेव्हा कळवण्यास आनंद वाटतो की मी चाललेलो नाही. आणि कळवण्यास दुःख होतं की मी सुधारलेलोही नाही. दोन्ही एकदम कळल्यावर माणसाने कोणता चेहरा करायचा, ते मला समजेना. मी मान हलवली. चक्कर आली नाही.

शालनने तुलाही डिसेंबरात फोन केला होता, तेही आज कळलं. तू म्हणे तिला म्हणालीस, 'मला ते जमायचं नाही गं. मी आपली तोवर येतच नाही.' आक्का, मी तुझ्यावर उगाच रुसून बसलो होतो.

ता. क. ३ (सोमवारीच, पाकीट चिकटवता चिकटवता) थांब. शालनने सांगितलं होतं सहा आठवडे. आठ डिसेंबरपासून सहा आठवडे एकोणीस जानेवारीला संपले. काल नऊ झाले. त्या शेवटच्या तीन आठवड्यांत मी मुकेशकडून अकरा डाव जिंकलोय, त्यांचं काय? चिंतामणी संक्रांतीलाच मुलीकडे गेले, मिलिंदची शिफ्ट बदलली, म्हणजे हे अकराही मुकेशचे. मी आत्ता त्याला फोन केला. म्हणतो, 'साईं, मेरे को तारीख का ध्यान ही नहीं रहा, मैं तो छोड़ता गया.' आता बघ. कोणत्या गिऱ्हाइकाने कोणत्या दिवाळीला कुठल्या रंगाच्या किती चेनी नेल्या हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला तारखेचं ध्यान राहिलं नाही? की खरोखर हरला आणि आता सोडला म्हणून सांगतोय? मला आवाजात थोडी जळजळ वाटली. पण खातरी देता येत नाही.

म्हणून रविवारचं कायम. चष्म्याचं खोटं सांगायची आता गरज नाही, पट आणि रीळ तेवढं आण, शालन बोंबलाचं कालवण करणार आहे. तू खेळ, जशी खेळतेस तशी. आणि एकच सांगतो, आक्का, हरू मात्र नकोस. मी जिंकायला तयार आहे, तू हरायची नाहीस. चुकून हरलीस, तर मी पटही आवरणार नाही, खालूनच रिक्षा करून तुला डॉक्टरकडे नेईन आणि तुझी फाइल मी स्वतः वाचेन.